दोन कुत्री, चार वाफे आणि चाळीस मीटर झटका-कुंपण

"भाऊजी, आज तिसऱ्यांदा रोपं लावली. आता एक तर कुत्री राहतील, नाहीतर बाग."

वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात रागापेक्षा थकवाच जास्त होता. माझं काम इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करायचं. बागेतलं मला फारसं कळत नाही, कुत्र्यांमधलं थोडंफार कळतं. पण दादाने त्याआधीच "झटका मशीन आणू या" (म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र) असं जाहीर करून टाकलं होतं, म्हणून ते खातं आपोआप माझ्याकडे आलं. पुढच्या चार महिन्यांत आम्ही काय निवडलं, काय चुकलं आणि शेवटी काय टिकलं, ते इथे मांडतो.

आधी जागा समजून घ्या. घर भाड्याचं, परसातली जमीन मोकळी, पण खांबांसाठी खड्डे खणायला घरमालकाची परवानगी नाही. घरापासून पंधरा-सोळा मीटरवर चार वाफे, मिळून साधारण बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. म्हणजे कुंपण चाळीस मीटरचं. हंगाम बदलला की वाफे सरकतात, त्यामुळे कुंपणही उचलून नेता यायला हवं. कुत्री दोन. भुऱ्या थोराड, लांब दाट केसांचा, स्वभावाने गरीब; त्याचा गुन्हा एवढाच की ओल्या मातीत लोळायला त्याला फार आवडतं. छकुली त्याच्या पोटाखालून निघून जाईल एवढीशी, पण खरी उपद्व्यापी तीच. ती उकरते. आणि घरात चार वर्षांचा मुलगा. हे शेवटचं वाक्य मी पहिलं लिहायला हवं होतं, कारण निम्मे निर्णय त्याच्यामुळे झाले.

साधी, विजेविना उभी राहणारी लोखंडी जाळीची पॅनलं हा पर्याय मी सर्वांत आधी सुचवला. अजूनही कुणी विचारलं तर तोच सुचवेन. पण चाळीस मीटरची मजबूत पॅनलं दर हंगामात एकट्या वहिनींना हलवता येणार नव्हती, आणि हलकी पॅनलं भुऱ्या नुसता टेकला तरी पाडायचा. गळ्यातल्या पट्ट्यातून झटका देणारी यंत्रणा दादाच्या मनात होती : जमिनीत एक तार पुरायची, कुत्रं तिच्याजवळ गेलं की पट्टा आधी आवाज करतो आणि मग झटका देतो. ती मी लगेच बाजूला ठेवली. त्यात कुत्र्याला डोळ्यांनी काहीच दिसत नाही. झटका कुठून आला हे न कळता त्या क्षणी समोर जे असेल त्याच्याशी ते त्याचा संबंध जोडू शकतं. समोर चार वर्षांचं पोर असलं तर? शिवाय लांब केसांच्या कुत्र्याच्या कातडीला टोकं नीट टेकावीत म्हणून पट्टा आवळावा लागतो आणि तिथे जखमा होतात. वेल्समध्ये असले पट्टे २०१० पासून कायद्याने बंद आहेत. त्यांचं कारण वाचल्यावर वहिनी म्हणाल्या, "मग आपणही नको." विषय संपला.

दादाचा दुसरा प्रस्ताव मात्र अंगावर काटा आणणारा होता. "मशीन कशाला? एक वायर बोर्डातून काढून तारेला जोडली की झालं. व्होल्ट तर कमीच आहेत ना घरात?"

हे तो चेष्टेत म्हणत नव्हता, म्हणून तिथेच बसून समजावलं. झटका मशीन तारेवर हजारो व्होल्ट सोडतं हे खरं, पण सेकंदाला एकच ठोका, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ. मधल्या काळात तार मोकळी असते, त्यामुळे चिकटलेला हात किंवा नाक मागे घेता येतं. घरातली वीज सलग वाहते. हातातून दहाएक मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह गेला की स्नायू आवळतात, मूठ सुटत नाही, आणि छातीतून गेलेला थोडा जास्त प्रवाह हृदय बंद पाडायला पुरतो. विजेच्या कुंपणाच्या यंत्रांसाठी आयईसी ६०३३५-२-७६ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार दोन ठोक्यांमध्ये किमान एक सेकंद हवा, ठोका दहा मिलिसेकंदांहून लांब नको, आणि पाचशे ओहमच्या भारावर एका ठोक्याची ऊर्जा पाच ज्यूलच्या वर जाता कामा नये. बोर्डातल्या वायरीला यातली एकही अट लागू नाही. ती वायर कुत्र्याला अडवत नाही, मारते. आणि समोर कुत्रं आहे की मूल, हे तिला कळत नाही. दादा गप्प झाला. हा मुद्दा मी पुन्हा काढला नाही, त्यानेही नाही.

मग मशीन. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "१०,००० व्होल्ट" आणि "२० किलोमीटर" असं काहीबाही छापलेलं असतं. मी दोन्हींकडे बघितलं नाही. किलोमीटरचा आकडा गवताचं एक पातंही न टेकलेल्या, उत्तम अर्थिंग असलेल्या एकाच तारेचा असतो; परसबागेशी त्याचा संबंध नाही. बघायचे ते ज्यूल, आणि त्यातही साठवलेले की तारेवर सोडलेले हे तपासायचं. साठवलेल्यातले बरेचसे मशीनमध्येच खर्ची पडतात, म्हणून मोठा आकडा छापायचा तर तोच छापला जातो. आम्ही पाव ज्यूल सोडणारं, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं मशीन घेतलं. दोन कुत्री आणि चाळीस मीटर यांना ते पुरतं. मानकाची मर्यादा पाच ज्यूलची आहे, म्हणून पाचाच्या जवळ जायलाच हवं असं नाही. वाफ्यापर्यंत घरातून वायर ओढायची नव्हती, म्हणून बॅटरी. हिशोब सोपा होता : मशीन ६० मिलिअँपिअर खातं, दिवसाला १.४४ अँपिअर-तास. सात अँपिअर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे हाताशी साडेतीन. अडीच दिवसांपेक्षा थोडं कमी. त्यामुळे दहा वॅटचं सोलर पॅनल जोडलं आणि चार्जिंगची कटकट संपली.

इथवर सगळं बरोबर होतं. चूक पुढे झाली, आणि ती माझी.

मी जाळी घेतली. पन्नास मीटरचं तयार गुंडाळं, खांब त्यातच ओवलेले, खांबाच्या पायाशी लोखंडी खिळा. पायाने दाबत जायचं, अर्ध्या तासात उभं. आडव्या दोऱ्यांमध्ये बारीक स्टीलच्या तारा विणलेल्या, फक्त सर्वांत खालची दोरी बिनतारेची, म्हणजे जमिनीला टेकली तरी वीज गळत नाही. दिसायला सुबक. मशीनसोबत आलेला अर्थिंगचा रॉड वीत-दीड वीत लांब होता, तोच ठोकला. कुंपणाचा टेस्टर लावला तर ५,८०० व्होल्ट. वहिनी खूश, मी त्याहून खूश.

पहिल्याच दिवशी भुऱ्याने जाळीला नाक लावलं, केकाटला आणि जिन्याखाली जाऊन बसला. दोन दिवस तो परसात आला नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण प्रकरण मांडायचं तर किंमतही मांडायला हवी. जे कुत्रं आवाज चढवला तरी कान पाडतं, त्याच्यासाठी हा इलाज जड होता. आम्ही एक मात्र नीट केलं : त्या क्षणी कुणी काही बोललं नाही, हाक मारली नाही, जवळ गेलं नाही. झटका कुंपणाने दिला, माणसांनी नाही, हे त्याच्या डोक्यात राहणं महत्त्वाचं होतं.

आठव्या दिवशी सकाळी छकुली जाळीत अडकली. तिने उकरायला पुढचा पाय घातला, झटका बसला, मागे जाण्याऐवजी ती पुढे उसळली आणि तिची पाठ व पाय दोन चौकोनांत गुंतले. मग दर सेकंदाला एक ठोका आणि दर ठोक्याला एक किंकाळी. वहिनी स्वयंपाकघरातून धावत गेल्या आणि मशीन बंद केलं. सात-आठ ठोके बसले असतील. इजा झाली नाही, पण सुटका करायला कात्री लागली. कापलेल्या भागाजवळ खाली एक बेडूक मेलेला दिसला. तो आधीच्या रात्रीचा असावा.

कुत्रं झटक्याला कसं प्रतिसाद देतं ते तो अंगावर कुठे बसतो यावर ठरतं. नाकावर बसला तर मागे. मान पलीकडे गेल्यावर बसला तर पुढे. जाळीत छोटं कुत्रं डोकं आणि पाय आत घालू शकतं, आणि पुढे जायला वाट नसते. हे मला माहीत असायला हवं होतं. मेंढ्या-कोंबड्यांसाठी बनवलेली वस्तू मी "हलवायला सोपी" एवढ्यावरून उचलली होती.

जाळी बंद करून गुंडाळेपर्यंत दोन आठवडे तशीच वापरली, छकुलीला बांधून ठेवून. आणि त्या दोन आठवड्यांत दुसरी गोष्ट उघड झाली. माती वाळली. एके दुपारी भुऱ्या शांतपणे जाळीला खेटून उभा राहिला, अंग घासलं, वरून वाकून आत बघितलं. टेस्टर लावला : ५,९०० व्होल्ट. म्हणजे पहिल्या दिवशीपेक्षा जास्तच!

दादा म्हणाला टेस्टर खराब. मी म्हणालो बघू या, आणि घाईघाईत पिशवीतलं साधं मल्टिमीटर तारेला लावलं. एक बारीक टिक झालं आणि त्याचा पडदा कायमचा कोरा झाला. तीस वर्षं दुरुस्तीचं काम करणाऱ्या माणसाने असं करावं, याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं. कुंपणाच्या ठोक्यासाठी कुंपणाचाच टेस्टर लागतो. घरगुती मीटरला हजारो व्होल्ट झेपत नाहीत, आणि झेपले तरी इतका आखूड ठोका त्याला मोजता येत नाही.

टेस्टर बरोबरच होता. प्रश्न तो कशाचं उत्तर देतोय हा होता. कुणी स्पर्श करत नाही तोवर तारेतून प्रवाह जात नाही, म्हणून व्होल्टेज टिच्चून उभं राहतं. कुत्र्याचं नाक लागलं की प्रवाहाला तारेतून नाकात, अंगातून पंजांत, पंजांतून मातीत आणि मातीतून रॉडपर्यंत जाऊन मशीनमध्ये परत यावं लागतं. वरची माती कोरडी, रॉड त्याच कोरड्या थरात वीतभर. सगळा जोर मातीतच खर्च होतो आणि कुत्र्याच्या वाट्याला गुदगुली येते. त्यात भुऱ्याचे केस. तपासणी अशी केली : दूरच्या टोकाला तीन लोखंडी सळया जमिनीत खुपसून तारेला टेकवल्या. असा भार टाकल्यावर तारेवरचं व्होल्टेज २,००० च्या खाली यायला हवं आणि तेव्हा अर्थिंगच्या रॉडवर दोन-तीनशेपेक्षा जास्त दिसता कामा नये. आमची तार ४,००० वर अडून बसली आणि रॉडवर तब्बल १,९०० दिसले. झटका कुत्र्याऐवजी रॉडच खात होता.

"पण घराचं अर्थिंग आहे की तयार, त्यालाच जोडू," दादाचं म्हणणं. नाही जोडायचं. कुंपणाचा रॉड घराच्या अर्थिंगपासून किमान दहा मीटर दूर असावा लागतो, नाहीतर ठोके घरातल्या उपकरणांपर्यंत पोचू शकतात. नळाच्या पाइपलाही नाही. घर पंधरा मीटरवर आहे ते बरंच झालं.

म्हणून पुन्हा पहिल्यापासून निवड केली, आणि या वेळी मशीनपासून नाही, परतीच्या वाटेपासून. घरमालकाला विचारून बागेच्या घरापासून दूरच्या कोपऱ्यात एक मीटर लांबीचा रॉड ठोकला. एक रॉड म्हणजे खड्डा नव्हे, हे त्यांनी मान्य केलं. पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवली नाही. कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला, जमिनीवर आडवी, साठ सेंटिमीटर रुंद जस्ताची षटकोनी तारजाळी अंथरली आणि तिला अर्थच्या टोकाशी जोडलं. आता कुत्रं कुंपणाशी यायचं तर त्या जाळीवर पाय ठेवूनच यावं लागतं. नाक कुंपणाला, पंजे जाळीवर. माती ओली आहे की कोरडी, हा प्रश्नच निकालात निघाला. दुसरा फायदा तर आम्ही मागितलाही नव्हता : जाळीतून छकुलीला उकरता येईना. तिने दोन संध्याकाळी प्रयत्न केला, नखं अडकली, आणि तिने तो उद्योग सोडला.

उभं कुंपण तीन ओळींचं. प्लॅस्टिकचे पायाने दाबायचे खांब, तीन-तीन मीटरवर, चौदा. ओळी १५, ३२ आणि ५५ सेंटिमीटरवर. हे आकडे पुस्तकातले नाहीत. छकुली हुंगत असताना आणि भुऱ्या उभा असताना नाकाची उंची वहिनींनी टेपने मोजली, त्यावरून ठरवले. दोरीऐवजी पांढरी रुंद पट्टी घेतली, कारण ती कुत्र्याला लांबून दिसते आणि वाऱ्यावर फडफडते. पट्टीत कोणता धातू आहे ते मात्र बघून घेतलं. स्टेनलेस स्टीलचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे चाळीस पट असतो. नुसत्या बारीक स्टीलच्या तारा असल्या की लांब कुंपणाच्या टोकाला जोर उरत नाही. चाळीस मीटरला तेही चालून गेलं असतं, पण पुढे वाफे वाढले तर नको ती गोची, म्हणून तांब्याची तार मिसळलेली घेतली. पट्टी जोडताना नुसती गाठ मारायची नाही. गाठीत धागा धाग्याला आवळला जातो, तारेला तार टेकेलच असं नाही. धातूची क्लिप लावायची.

चाचणी साधी. सळईचं एक टोक अंथरलेल्या जाळीवर ठेवून दुसरं पट्टीला टेकवलं की टेस्टर ५,२०० वरून थेट काही शेकड्यांवर कोसळतो. परतीची वाट मोकळी आहे, हा त्याचा पुरावा.

मुलाचं काय? मशीन दाराजवळच्या जाड खांबावर, त्याचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. पिवळ्यावर काळं, तारेवरचा हात दाखवणारं चिन्ह चारही बाजूंना. तो परसात असला की मशीन बंद, अपवाद नाही. या कुंपणाचा झटका निरोगी माणसाला हात किंवा पायावर बसला तर दुखतो आणि संपतो, पण डोकं आणि मान यांच्यावर बसणं धोक्याचं मानलं जातं, आणि चार वर्षांचं मूल वाकलं किंवा उकिडवं बसलं की त्याचं डोकं नेमकं वरच्या पट्टीच्या आसपास येतं. एका संध्याकाळी बंद कुंपणाजवळ वहिनींनी त्याला विचारलं, "हात लावू का रे मी?" तो म्हणाला, "आधी टक ऐक." मशीन चालू असताना दर ठोक्याला टक वाजतं, हे त्याने आमच्याआधी हेरलं होतं.

छकुलीनेही हेरलं असावं. तिसऱ्या आठवड्यात ढगाळ हवेने बॅटरी उतरली आणि मशीन रात्री गप्प झालं. सकाळी दुसऱ्या वाफ्यात झोपलेली छकुली सापडली. तेव्हापासून झोपण्याआधी वहिनी खिडकीतून मशीनच्या दिव्याचा लुकलुकाट बघतात.

बिघाड आणखी दोन आले. पावसात मऊ झालेल्या मातीत एक खांब कलला, खालची पट्टी अंथरलेल्या जाळीला टेकली आणि सगळं कुंपण मेलं. अर्थची जाळी वापरण्याचा हाच तोटा आहे; कोपऱ्यांना ताण हवा आणि खालची ओळ रोज नजरेखालून जायला हवी. दुसऱ्या वेळी व्होल्टेज ५,००० वरून २,६०० वर आलं आणि कारण सापडेना. मी जुना एएम रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावला आणि कुंपणालगत चालत गेलो. पश्चिमेच्या बाजूला रेडिओतून सेकंदाला एक कड् येऊ लागलं. भोपळ्याचा वेल मधल्या पट्टीवर चढला होता. त्याचं कोवळं टोक काळं पडून वाकलं होतं, आणि वाकलेल्या जागी प्रत्येक ठोक्याला सुईच्या अग्राएवढी निळी ठिणगी दिसत होती. वेल बाजूला केला, आकडा परत वर.

हंगाम बदलला तेव्हा कुंपण पहिल्यांदा हलवलं. वहिनींना एकटीला सव्वा तास लागला. त्यातला निम्मा वेळ अंथरलेली जाळी उचलण्यात गेला, कारण तिच्या भोकांतून गवत वर आलं होतं. तयार जाळीचं गुंडाळं अर्ध्या तासात निघालं असतं, हे मान्य. आता जाळी अंथरण्याआधी खालचं गवत खरडून काढायचं ठरवलंय. वहिनी जुनी पोती टाकू या म्हणतात, मला ती पाणी धरून कुजतील असं वाटतं.

भुऱ्या कुंपणापासून दोन हात लांबून जातो. त्याच्यासाठी परसाच्या दुसऱ्या टोकाला वहिनींनी एक चौकोन रोज पाणी मारून ओला ठेवायला सुरुवात केली आहे. तो तिथे लोळतो. ही कल्पना पहिल्या दिवशी सुचली असती तर कुंपण फक्त छकुलीसाठी लागलं असतं, म्हणजे वरची ओळ नको होती. मी वहिनींना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या वरची. कापलेली जाळी पडलीय ना, तिचं काय करता ते सांगा."